हलिमेची हबिबे

बुर्सा, ११ नोव्हेंबर १९८४

राइफ,

तुझं पत्र पोचलं. अर्धं पान तंबाखू, पाव पान तुझा सोसायटीचा ट्रक आणि उरलेल्या जागेत "आई बरी आहे". बरी आहे म्हणजे काय रे? जेवते का? खोकला गेला का? गुडघ्यांना अजून कोबीची पानं बांधते का? तोंडानं अब्ला अब्ला करायचं आणि मोठ्या बहिणीला असलं कोरडं पत्र पाठवायचं. सहा वर्षांपूर्वी मी चामदेरे सोडून इकडे तुर्कस्तानात आले तेव्हा फाटकाशी उभं राहून तूच सगळ्यांत जास्त रडलास, आता तुला चार ओळी जड होतात.

आमचं इकडे छान चाललंय. घरामागे अंगण आहे, त्यात तुतीचं झाड आहे. तुझा मेहुणा बस्री कामात गळ्यापर्यंत बुडालेला असतो, तुम्हाला सलाम सांगतो. आईसाठी अंगणाकडची खोली राखून ठेवलीय असं तिला सांग. बल्गेरियातून निघायची परवानगी मिळाली तर या खेपेला तिनं बाबांच्या कबरीचं निमित्त पुढे करू नये. कबर कुठे पळून जात नाही.

तुझ्या पोरीला, नेविनला, नर्सिंगच्या शाळेत घेतलं हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या घरात पांढरे कपडे घालून काम करणारी ती पहिलीच. तुझ्या नाइलेला म्हणावं, तू पाठवलेली सुपाची तऱ्हाना संपली, इथे मिळते तिला चव नाही.

आईबद्दल लिही. तंबाखूबद्दल लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

अब्ला


चामदेरे, २ डिसेंबर १९८४

अब्ला,

घे, सगळं पत्र आईवर.

खोकला आहे, भूक आहे, आणि जीभ पूर्वीसारखीच आहे. गेल्या आठवड्यात तिनं नवीन खूळ काढलं. कफन शिवून पेटीत ठेवलंय हे तुला माहीत आहेच. आता म्हणाली, मशिदीतल्या हाफिज मुमुन होजाला बोलव, मला ऐकायचंय तो हाक कशी मारतो. मी म्हटलं, आई, मयत पुरलं की सगळे घरी निघतात, होजा एकटा मागे थांबतो, मेलेल्याला त्याच्या आईच्या नावासकट हाक मारतो आणि फरिश्ते काय विचारतील ते पढवतो. सगळ्यांसाठी करतो, तुझ्यासाठीही करेल. तर म्हणाली, तुझ्या बाबांच्या वेळी यानं नुसतं पुटपुटलं. मी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर कान देऊन उभी होते, मला एक अक्षर कळलं नाही. जिवंत माणसाला ऐकू येत नाही ते मातीखालच्याला काय येणार?

शेवटी होजाला आणलं. आई अंगणात घोंगडीवर आडवी झाली, डोळे मिटले आणि म्हणाली, चालू दे. बिचारा म्हातारा टोपी सावरत म्हणतो, "हलिमेची हबिबे." आई डोळे मिटूनच म्हणाली, "मोठ्यानं." तो पुन्हा म्हणाला. "अजून मोठ्यानं. मला दचकायची सवय आहे, फरिश्ते आले की माझं नाव मीच विसरेन." तिसऱ्या वेळी तो असा ओरडला की शेळ्या दाव्याला हिसके द्यायला लागल्या.

कुंपणापलीकडे गेरगाना बाई मिरच्या भाजत होती. हसून हसून तिच्या मिरच्या करपल्या. म्हणाली, "हबिबे, जिवंतपणी कशाला हाका मारून घेतेस?" आई म्हणाली, "तू गप बस. तुमचा पाद्री तर कबरीवर वाइन ओततो. निदान माझ्या होजाला काहीतरी बोलता तरी येतं." मग दोघींनी मिळून कॉफी प्यायली आणि होजाला बाजूला बसवलं.

पण नंतर मला जवळ बोलावून म्हणाली, "हसलास ते हसलास. मला एवढं एकच हवंय. माझं नाव घेऊन हाक मारली गेली पाहिजे." ते तिनं गमतीत म्हटलं नव्हतं.

मेस्तानली गावाकडून येणारे लोक काहीबाही सांगतात, लष्कराच्या गाड्या, नावं, कागद. मी लक्ष देत नाही.

राइफ


बुर्सा, २० फेब्रुवारी १९८५

राइफ,

माझी तीन पत्रं परत आली. पाकिटावर शिक्का आहे, "या पत्त्यावर या नावाचा इसम नाही". ज्या घरात माझा जन्म झाला त्या घरात राइफ नाही म्हणे.

हे पत्र वेली घेऊन येतोय. त्याचा ट्रक महिन्यातून दोनदा जर्मनीकडे जातो. हास्कोवोच्या पेट्रोल पंपावर तो थांबतो, तुझा तंबाखूचा ट्रकही तिथेच भरतो, म्हणून ही युक्ती सुचली. रेडिओवर काय काय ऐकतेय ते लिहीत नाही. फक्त एक कर. तू, आई, नाइले, नेविन, चौघं जिवंत आहात एवढं कसंही कळव.

अब्ला


चामदेरे, ५ मार्च १९८५ (टपालानं)

आदरणीय भगिनी,

आपण सर्वांच्या प्रकृतीची चौकशी केली त्याबद्दल आभारी आहे. आम्ही सर्व सुखरूप आहोत. आम्ही स्वेच्छेने आमची मूळची बल्गेरियन नावे पुन्हा धारण केली आहेत. आमचे पूर्वज बल्गेरियनच होते हे आम्हास आता समजले आहे. कृपया यापुढे पाकिटावर रुमेन असे नाव लिहावे, अन्यथा पत्र पोचणार नाही. आईची प्रकृती ठीक आहे. यंदा बर्फ भरपूर पडले.

रुमेन


९ मार्च १९८५ (वेलीच्या हाती)

अब्ला,

टपालानं आलेलं पत्र फाडून टाक. सोसायटीच्या कचेरीत बसून लिहिलं, मजकूर सांगणारा बाजूला उभा होता.

डिसेंबर संपता संपता एका सकाळी गावाला वेढा पडला. कुत्री भुंकली, मग एकेक करून गप झाली. आम्हाला शाळेत नेलं. टेबलाशी तिघं बसले होते, कागदावर नावं छापलेली. माझी पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "र वरून काय आहे? रुमेन? बरं, रुमेन." बैलाला नाव द्यायलाही आपण याहून जास्त वेळ घेतो. नाइलेची नाद्या झाली, नेविनची नेवेना. म्हणतात, आपण तुर्क कधी नव्हतोच, पाचशे वर्षांपूर्वी सुलतानानं बाटवलेले बल्गेरियन आहोत, आता घरी परत आलोय. मी ऐकून घेतलं. दारात बंदूकवाला होता, आणि नेविनची शाळा त्यांच्या हातात आहे.

आईला चालवत नाही म्हणून तिच्यासाठी ते घरी आले. लिहायला कोण, तर गेरगानाचा इवायलो. आता नगरपालिकेत कारकून आहे. आई त्याला म्हणाली, "इवायलो, तुझी नाळ मी कापली. तुझं नाव तुझ्या आईनं ठेवलं, त्यात मी तोंड घातलं होतं का?" त्याचे कान लाल झाले. पण त्यानं लिहिलं. ख्रिस्तिना. आई म्हणाली, "लिही, लिही. मी त्या नावाला ओ देणार नाही." मग त्यानं बाबांचं नावही बदललं. बाबांना जाऊन किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे.

होजाला नेलं. डॅन्यूबमधल्या बेटावरच्या छावणीत आहे म्हणतात. मशिदीला कुलूप आहे. बसमध्ये तुर्की बोललं तर पाच लेवा दंड. बायकांना सलवार घालायची बंदी. मयत आता नगरपालिकेचा माणूस करतो, कागदावरून नाव वाचतो आणि भाषण देतो. हे आईला कळलं त्या दिवसापासून तिनं थट्टा सोडलीय. भिंतीकडे तोंड करून पडते. काल एवढंच म्हणाली, "आता मला कोण हाक मारणार, राइफ?"

गेरगाना बाईनं त्या दिवशी दिवसभर पडदे ओढून घेतले होते. दुसऱ्या दिवशी कोबीचं भांडं घेऊन आली. आईनं ते परत पाठवलं.

अब्ला, पाकिटावर तेवढं रुमेन लिही. ज्यांच्या पाकिटावर नवं नाव असतं त्यांची पत्रं येतात, मी बघत असतो. वेली कधी येतो, कधी येत नाही.

राइफ


बुर्सा, १४ एप्रिल १९८५ (वेलीच्या हाती)

राइफ,

ते नाव मी लिहिणार नाही. माझ्या हातानं तुला रुमेन म्हटलं की त्यांचं काम पुरं झालं. वेली नसेल तेव्हा पत्र जाणार नाही, पण पाकिटावर तो शब्द यायचा नाही. इथल्या आमच्या लोकांचंही हेच म्हणणं आहे.

आणि ती गेरगाना. आईनं भांडं परत पाठवलं ते उत्तम केलं. तिच्या पोरानं बाबांनासुद्धा सोडलं नाही. तिच्या हातचं मीठही घेऊ नका. कॉफी नको, कुंपणावरचं बोलणं नको. ते सगळे एकाच माळेचे मणी आहेत, आपण मूर्ख म्हणून इतकी वर्षं ईस्टरला त्यांची लाल अंडी खाल्ली आणि ईदला त्यांना बकलावा दिला.

आता नीट ऐक. होजा नसला तरी तू आहेस. अरबी येत नसेल तर नको. आईनं अरबी मागितलेलंच नाही, तिनं नाव मागितलंय. वेळ आली की सगळे निघाल्यावर तू मागे थांबायचंस आणि तिला तिच्या नावानं हाक मारायची. हलिमेची हबिबे. दोन शब्द आहेत. मी तिथे असते तर मीच मारली असती, बाईनं कबरस्तानात जायचं नसतं तरीही. मला वचन दे.

अब्ला


४ मे १९८५ (वेलीच्या हाती)

अब्ला,

दिलं.

राइफ


चामदेरे, ६ फेब्रुवारी १९८६ (टपालानं)

आदरणीय भगिनी,

आपल्या आईचे सोमवारी निधन झाले. त्रास झाला नाही. जमीन गोठली होती, खणायला वेळ लागला. सर्व काही नियमानुसार व व्यवस्थित पार पडले.

रुमेन


बुर्सा, २४ फेब्रुवारी १९८६ (टपालानं, पाकिटावर: रुमेन)

भाऊ,

वेलीचा ट्रक मोडलाय. मी दहा दिवस थांबले. मग नाव लिहिलं. पाकीट टपालपेटीत टाकलं.

मी इथे एकटीनं रडले. तिच्या अंगावर काय होतं, तिचं तोंड कोणत्या बाजूला होतं, बर्फ पडत होतं का, मला काहीच माहीत नाही. खोलीत बसून मी सगळं मनानं रचते आणि प्रत्येक वेळी वेगळं रचते.

तू जे करणार होतास ते झालं का, एवढंच लिही.

बहीण


१७ एप्रिल १९८६ (वेलीच्या हाती)

अब्ला,

झालं. तू निश्चिंत राहा. नगरपालिकेचा माणूस वाचून गेला, पोलीसही गेला, सगळे गेले. मी एकटा थांबलो. बर्फ थांबलं होतं, ऊन पडलं होतं, पाइनच्या झाडावर एक पक्षी बोलत होता. मी गुडघ्यावर बसून तिला तीनदा हाक मारली, मोठ्यानं, तिला हवी होती तशी. आवाज टेकडीपर्यंत गेला. ती शांत झाली असं मला वाटलं.

कफन तिनं शिवलेलंच होतं. नाइलेनं घरीच तिला आंघोळ घातली. तोंड मक्केकडे, किब्ल्याकडेच होतं.

राइफ


बुर्सा, ११ मे १९८६ (वेलीच्या हाती)

माझ्या शूर भावा,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. गल्लीतल्या बायकांना वाचून दाखवलं. मशिदीत आईच्या नावानं पाठ करवला, हलवा वाटला, आणि इमामांना सांगितलं की पोलीस गावात असताना माझ्या भावानं टेकडीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली. त्यांचे डोळे भरून आले. लहानपणी तू शेळीला घाबरायचास म्हणून मी तुला चिडवायचे. आता पुन्हा चिडवणार नाही.

आपल्या घराची लाज तू राखलीस. मी इकडे मान वर करून चालते ती तुझ्यामुळे.

अब्ला


चामदेरे, १२ जून १९८९ (वेलीच्या हाती)

अब्ला,

तीन वर्षं मी तुला टपालानं हवापाणी कळवत राहिलो. तू रागावलीस, मग तूही हवापाणीच लिहायला लागलीस. त्याचं कारण आज लिहितो.

आधी बातमी. आम्हाला पासपोर्ट दिलेत. मे महिन्यात लोक रस्त्यावर उतरले, गोळ्या झाल्या, मग टीव्हीवरून सांगितलं की ज्यांना तुर्कस्तान हवंय त्यांनी जावं. कागदावर आम्ही सहलीला निघालोय. गाव रोज थोडं थोडं रिकामं होतंय. आमची पाळी शुक्रवारी. गाड्यांच्या टपावर गाद्या आणि शिलाई मशीनं बांधून लोक चाललेत. माझा ट्रक सोसायटीनं काढून घेतला, आम्ही नाइलेच्या भावाच्या मॉस्कविच मोटारीतून येऊ. तुझ्या अंगणाकडच्या खोलीत तिघं मावू ना?

पण तुझ्या टेबलाशी बसायच्या आधी तुला हे कळलं पाहिजे. नाहीतर तू गल्लीतल्या बायकांना बोलावून माझ्याकडे बोट दाखवशील आणि मी तिथे त्या दुसऱ्याच माणसाच्या जागी बसेन.

मी आईला हाक मारली नाही.

नगरपालिकेचा माणूस लाल फोल्डरमधून वाचत होता, कॉम्रेड ख्रिस्तिना, कष्टाळू तंबाखू कामगार. इवायलो नोंदवहीसाठी आला होता. पोलीस होता. गेरगाना बाई काळी शाल घेऊन आली होती, आपल्या बायका कबरस्तानात येत नाहीत हे तिला माहीत असून. माती लोटली. सगळे वळले. मी थांबलो. शब्द तोंडात आले होते, खोटं नाही सांगत. पोलीस फाटकापाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "चल, रुमेन. नेवेनाची यंदा परीक्षा आहे ना?" एवढंच. आवाजही चढवला नाही. आणि मी चाललो.

फाटकापर्यंत पोचलो असेन, मागून हाक आली. तुर्कीत, स्वच्छ, मोठ्यानं. "हबिबे. हलिमेची हबिबे." गेरगाना बाई कबरीशी एकटी उभी होती. तिनं पुन्हा हाक मारली. पोलीस वळला, पण करतो काय? तुर्की बोलल्याचा दंड तुर्काला असतो, बल्गेरियन म्हातारीला काय लावायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. इवायलो पांढराफटक पडला. तिच्या दंडाला धरून म्हणाला, "आई, चल." तिनं हात झटकला. "मी माझ्या मैत्रिणीशी बोलतेय. तुझ्या कागदावर हिचं नाव काय असेल ते असो. मी या गावात नवरी होऊन आले तेव्हा हिनंच मला पाणी दिलं आणि आपलं नाव सांगितलं." मग तिसऱ्यांदा हाक मारली आणि खाली वाकून म्हणाली, "ते आले की दचकू नकोस. नाव विचारतील. नाव सांग."

त्या दिवशी बर्फ पडतच होतं. ऊन आणि पक्षी मी तुझ्यासाठी रचले.

तिच्या हातचं मीठही घेऊ नका असं तू लिहिलं होतंस. आईची शेवटची इच्छा तिनं पुरी केली आणि मी बुटांकडे बघत होतो, हे तुला कोणत्या तोंडानं लिहू? तीन वर्षं मी गेरगाना बाईशी नजर मिळवलेली नाही. ती कुंपणावरून हाक मारते, मी काहीतरी पुसत बसतो. आता शेळ्या आणि घराची किल्ली तिच्याकडेच सोपवून येतोय. दुसरं कुणी उरलेलंच नाही.

नको असेन तर सरहद्दीवरच सांग. तिथे तंबू आहेत म्हणतात.

राइफ


बुर्सा, १९ जून १९८९ (टपालानं, पाकिटावर: रुमेन)

राइफ,

तू निघाला असशील, तरी लिहिते. लिहिलं नाही तर माझी छाती फुटेल. कुणी उघडून वाचलं तर वाचू दे.

तुझ्यावर माझा राग आहे. मी लोकांना हलवा वाटला. इमामांना रडवलं. तू भ्यालास ते मी समजू शकते, पोर होती शाळेत. पण तू पक्षी रचलास. त्या पक्ष्याला मी तीन वर्षं उराशी धरून झोपले. आणि हाक मारली कुणी, तर तिनं. इवायलोचे हात झडोत असा शाप मी रोज देते आणि त्याच्याच आईनं माझ्या आईला वाट दाखवली. आता मी कुणाला शिव्या देऊ? तूही माझ्या तावडीतून गेलास, तीही गेली.

निघण्याआधी वेळ मिळाला तर एकदा कबरीवर जा आणि तू स्वतः हाक मार. पोलीस आता काय काढून घेणार आहे तुझ्याकडून?

आणि माझंही ऐक. अंगण नाही. तुतीचं झाड नाही. बस्री आठ वर्षांपूर्वी जर्मनीला गेला तो तिकडचाच झाला, त्याचा सलाम मी माझ्या मनानं लिहायचे. मी टॉवेलच्या गिरणीत आहे. तळघरात एक खोली आहे, खिडकीतून लोकांचे पाय दिसतात, आता बुटांवरून मी माणसं ओळखते. गल्लीत मला "ती बल्गेरियन बाई" म्हणतात. गल्लीतल्या ज्या बायकांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं, त्यांनी त्याआधी मला कधी घरात बोलावलं नव्हतं आणि नंतरही बोलावलं नाही. आई आली असती तर तिला कुठे ठेवणार होते ते मला माहीत नव्हतं. येऊ नये अशीच मी मनातून प्रार्थना करायचे.

तू आलास की मी तुझ्याशी बोलेनच असं नाही. पण तंबूत राहायचं नाही. सरळ माझ्याकडे ये. गाद्या आणा, मला एकच आहे.

अब्ला


चामदेरे, १० सप्टेंबर १९८९

रेस्मिये पोरी,

मी गेरगाना. मी चौथीपर्यंत शिकले, चुका पोटात घाल. तुला आमच्या बल्गेरियन अक्षरांतलं वाचता येतं हे मला माहीत आहे, शाळेत तू आमच्या इवायलोच्या पुढे असायचीस.

तुझं पत्र राइफ गेल्यावर आलं. पोस्टमन आता सगळ्या गल्लीचं टपाल माझ्याच दारात टाकतो, दुसरं दारच उघडं नाही. मला तुर्की बोलता येतं, तुमची अक्षरं वाचता येत नाहीत. वाचून दाखवणारा तुमच्यातला एकही उरला नाही. म्हणून रविवारी इवायलो आला तेव्हा त्याच्या हातात दिलं. त्याला अक्षरं येतात, भाषा येत नाही. लहानपणी हबिबेच्या मांडीवर बसून चुरूचुरू बोलायचा, नंतर त्यानं ती विसरून दाखवली. तो एकेक अक्षर जुळवत वाचत होता आणि मी ऐकत होते. त्याचे हात झडोत, हेही त्यानं वाचलं. त्याला कळलं की नाही देव जाणे. पुढे त्याचा आवाज खाली गेला, एवढं खरं. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं नाही.

पत्र दुसऱ्याचं होतं, ऐकायला नको होतं. पण इथे कुणाचा आवाज ऐकून किती दिवस झाले होते.

तुम्ही गेल्यावर गाई दुधानं तटतटून ओरडत होत्या. मी घरोघर जाऊन जमतील तेवढ्या पिळल्या, उरलेल्या सोडून दिल्या. तंबाखू शेतात उभा राहिला. शहरातून विद्यार्थी आणले, त्यांना पान कुठून तोडायचं तेही माहीत नव्हतं. मीही तुझ्यावर चिडलेली आहे हे सांगून टाकते. माझ्या हातचं मीठ घेऊ नका असं तू लिहिलं होतंस, हे किल्ली देताना राइफनं सांगितलं. त्या दिवशी मी पडदे ओढले, ते मला माझ्या डोळ्यांनी पोराला बघवत नव्हतं म्हणून. हबिबेनं भांडं परत पाठवलं तेव्हा मी ते कोबीसकट अंगणात फेकलं. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही, आणि मग मेलीच. मला काय ते तिच्या कबरीवरच बोलता आलं.

इवायलो म्हणतो, माझ्याकडे कर्जालीला चल. मी जात नाही. राइफच्या शेळ्या आहेत.

राइफला तू कबरीवर जायला सांगितलं होतंस. तो काही ते वाचू शकला नाही, मग ते काम माझ्याकडेच आलं असं मी धरलं. दर शुक्रवारी जाते. हाक मारते, आईच्या नावासकट. पण पुढे काय म्हणायचं ते मला माहीत नाही. त्या दिवशी अंगणात होजा फक्त नावापर्यंतच आला होता. नाव घेतलं की मी तशीच उभी राहते, कुणी काही विचारलं आणि उत्तर आठवत नाही तशी. नावानंतर काय असतं ते लिहून पाठव.

गेरगाना


बुर्सा, ८ ऑक्टोबर १९८९

गेरगाना मावशी,

आजवर तुमच्याविषयी नुसतं नावानं लिहीत आले, तेही वाईट शब्दांत. तुम्ही ते ऐकलंत. पुसता आलं असतं तर पुसलं असतं.

राइफ, नाइले आणि नेविन जूनमध्ये पोचले. आम्ही चौघं या खोलीत आहोत. राइफ खिडकीशी बसतो आणि बाहेरचे पाय बघतो. तीन महिने मी त्याच्याशी बोलले नाही आणि तोही बोलला नाही. मग तुमचं पत्र आलं. मी मोठ्यानं वाचलं. शेळ्यांचं आलं तेव्हा तो उठून बाहेर गेला, परत आल्यावर त्यानं मला अब्ला म्हणून हाक मारली. काम काहीच नव्हतं, उगाच.

तुम्ही विचारलंत ते मी त्याला विचारलं. त्याला येत नाही. मलाही येत नाही, बायकांना ते कधी ऐकूच आलेलं नसतं. इथल्या इमामांना विचारायला गेले होते. त्यांनी अरबी म्हणून दाखवलं, फार लांब आहे, तुम्हाला जमायचं नाही. आणि त्यांनी विचारलं की कबरीवर कोण म्हणणार आहे. मी सांगितलं, माझी मावशी.

तेव्हा नाव घेतल्यावर तुम्ही आपल्या भाषेत एवढंच म्हणा. राइफ पोचला. नेविनला इस्पितळात काम मिळालं, तिथे तिला नेविनच म्हणतात. आणि रेस्मिये इतकी वर्षं खोटं लिहीत होती. तिच्याकडे तुला ठेवायला जागा नव्हती, तू आली नाहीस म्हणून तिला बरं वाटलं होतं.

हे ऐकून ती रागावेल. रागावली तर लगेच उठू नका, मावशी. थोडा वेळ तिच्याजवळ बसा. तिला एकटीला रागावता येत नसे.

रेस्मिये